दूरस्थ अभ्यासक आणि गावाचे दप्तर : फुकाझावा यांच्या संशोधनपद्धतीचे परीक्षण

(१)

ज्या प्रदेशाचा आर्थिक इतिहास लिहावयाचा त्या प्रदेशात अभ्यासकाने राहिलेच पाहिजे काय, हा प्रश्न वरवर पाहता सोयीगैरसोयीचा वाटतो. वास्तविक तो प्रमाणांचा प्रश्न आहे. जेम्स मिल यांनी १८१७ साली आपला ब्रिटिश हिंदुस्थानचा इतिहास प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांनी हिंदुस्थान कधी पाहिला नव्हता आणि येथील एकही भाषा त्यांना अवगत नव्हती. ही उणीव त्यांनी लपविली नाही. उलट प्रस्तावनेत तिचे समर्थनच केले. कागदपत्रे युरोपात उपलब्ध असता प्रत्यक्ष दर्शनाने निर्णयशक्तीत विशेष भर पडत नाही, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. या ग्रंथातील पूर्वग्रहांची चिकित्सा पुढे पुष्कळ झाली आहे. तिची येथे पुनरुक्ती करण्याचे कारण नाही.

परंतु दुरून लिहिलेला प्रत्येक इतिहास मिल यांच्याच वळणाचा असतो, असे मानणे चुकीचे ठरेल. रमेशचंद्र दत्त यांनी सनदी सेवेतून निवृत्त झाल्यावर लंडनमध्ये राहून, मुख्यतः पार्लमेंटच्या छापील कागदांच्या आधारे, हिंदुस्थानच्या आर्थिक इतिहासाचे दोन खंड १९०२ व १९०४ साली सिद्ध केले. राज्यकर्त्यांच्याच अहवालांतून राज्यकर्त्यांविरुद्ध पुरावा त्यांनी उभा केला. धनंजयराव गाडगीळ यांचा भारताच्या औद्योगिक उत्क्रांतीवरील १९२४ चा ग्रंथ केंब्रिज येथील प्रबंधातून निर्माण झाला. विशेष असे की, हेच गाडगीळ १९३० साली पुण्यात स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक झाल्यावर तालुकानिहाय पाहण्यांकडे वळले आणि वाई तालुक्यातील शेतीव्यवसायाची त्यांची पाहणी १९४० साली बाहेर आली. एकाच अभ्यासकाने दूरचे व जवळचे असे दोन्ही मार्ग चोखाळले, आणि एकाने दुसऱ्याची गरज संपली असे त्यांनी मानले नाही.

अलीकडे या प्रश्नाला नवे महत्त्व आले आहे. २०२० च्या टाळेबंदीत अभिलेखागारांची दारे बंद झाली आणि घरी बसून पडद्यावर कागद वाचण्याची पद्धत, जी तोपर्यंत सोय म्हणून होती, ती अनेकांच्या बाबतीत नित्याची झाली. अशा वेळी दूरस्थ संशोधनाचा एखादा उत्तम नमुना घेऊन त्याचे सामर्थ्य कशात होते व ते कोठे अपुरे पडले हे तपासणे उपयुक्त ठरेल. मराठी मुलखाच्या बाबतीत असा नमुना म्हणजे जपानी अर्थेतिहासकार हिरोशी फुकाझावा (१९३१–१९८६) यांचे लेखन होय. कसोटीसाठी गाव घेतले आहे ते भोकरदन तालुक्यातील केदारखेडा.

(२)

फुकाझावा हे तोकियोच्या हितोत्सुबाशी विद्यापीठात अध्यापक होते. मराठी भाषा आत्मसात करून त्यांनी मूळ मराठी कागद वाचले, आणि त्यांवर आधारलेले इंग्रजी निबंध मुख्यतः त्याच विद्यापीठाच्या अर्थशास्त्रविषयक नियतकालिकातून प्रसिद्ध केले. अठराव्या शतकातील मराठा राज्यातील जमीन व शेतकरी यांवरील निबंध १९६५ चा, राज्यसंस्था व जातिव्यवस्था यांवरील १९६८ चा, आणि गावकामगारांवरील १९७२ चा. निवडक निबंधांचा संग्रह त्यांच्या मृत्यूनंतर १९९१ साली ‘मेडिव्हल डेक्कन’ या नावाने निघाला.

या लेखनाचा पाया मुद्रित मराठी साधने हा आहे. गणेश चिमणाजी वाड यांनी निवडलेले पेशव्यांच्या रोजनिशीतील उतारे, गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० नंतर संपादिलेले पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड, आणि भारत इतिहास संशोधक मंडळाने छापलेले शिवचरित्रसाहित्य, ही सामग्री तोकियोतील ग्रंथालयातही वाचता येण्याजोगी होती. महाराष्ट्रात ही पुस्तके राजकीय इतिहासाच्या जिज्ञासेने छापली गेली व बव्हंशी त्याच दृष्टीने वाचली गेली. फुकाझावा यांनी त्यांत लढाया व तह शोधले नाहीत. मिरासदार व उपरी यांच्यांतील भेद, पडीक जमीन लागवडीस आणण्याचे कौल, वतनाची खरेदी, वाटणी व गहाण, बलुत्याचे हक्क, वेठ, अशी प्रकरणे एकेक करून वेचली आणि शब्दांचे अर्थ संदर्भांवरून ठरविले. अंतराचा येथे लाभच झाला, असे म्हणावे लागते. ज्या शब्दाचा अर्थ पुण्याच्या वाचकाने गृहीत धरला असता, तो तोकियोतील वाचकाला सिद्ध करावा लागला.

त्यांचा सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष १९७२ च्या निबंधात आहे. उत्तर प्रदेशातील करीमपूर या गावाच्या अभ्यासावरून वायझर यांनी १९३६ साली ‘जजमानी’ पद्धतीचे वर्णन केले होते. तीत सेवक कुटुंबाचा संबंध ठरावीक यजमान कुटुंबांशी असतो. ही कल्पना पुढे सर्व हिंदुस्थानाला लावण्याचा प्रघात पडला. फुकाझावा यांनी दाखवून दिले की मराठी कागदांतील सुतार, लोहार, महार, न्हावी, कुंभार हे व्यक्तिशः कोणा कुटुंबाचे नोकर नसून समग्र गावाचे वतनदार होते. त्यांचे वतन गावावर होते. त्याची वाटणी होई, विक्री होई, आणि त्याविषयी तंटा पडल्यास गोतसभा व सरकार यांच्यापुढे जाई. वेबरने वापरलेली ‘ग्रामसेवक कारागीर’ ही संकल्पना या व्यवस्थेस अधिक जुळते, असा त्यांचा निर्णय होता. उत्तरेकडील एका गावावरून बेतलेला साचा दक्षिणेवर लादण्यास त्यामुळे आळा बसला, ही या लेखनाची कायमची कामगिरी होय.

(३)

आता आक्षेपांकडे वळावयाचे. पहिला आक्षेप साधनांच्या स्वरूपाविषयी आहे. पेशवे दप्तरात कोट्यवधी कागद आहेत. छापले गेले त्यांतील अत्यल्प. जे छापले गेले त्यांची निवड कोणी, केव्हा व कोणत्या हेतूने केली, याचा हिशेब निष्कर्ष काढताना मांडला पाहिजे. त्यातही सरकारच्या रोजनिशीत गाव प्रकट होते ते बहुधा फिर्याद, सूट, चौकशी किंवा निवाडा यांच्या निमित्ताने. जेथे तंटा नाही तेथे कागद नाही. हक्क म्हणजे काय हे असा कागद नेमके सांगतो. तो हक्क दर सुगीला खळ्यावर कसा वसूल होई, हे मात्र क्वचितच सांगतो.

या दृष्टीने त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गाव-गाडा’ (१९१५) या ग्रंथाशी तुलना उद्बोधक ठरते. आत्रे महसूल खात्यात नोकरीस होते आणि गावे त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. बलुतेदारांच्या थोरली, मधली व धाकटी या ओळी त्यांच्याही ग्रंथात आहेत. परंतु नेमून दिलेल्या बलुत्यापलीकडे खळ्यावर, सणावारी व लग्नकार्यात जे मागितले व दिले जाई त्याची लांबलचक यादी तेथे मिळते. अर्थात आत्रे यांचे सान्निध्यही निर्दोष नाही. कुणब्यावर पडणारा भार पाहताना त्यांची दृष्टी कारू-नारूंच्या बाबतीत कठोर झाली आहे, आणि सरकारी नोकराचा अनुभव त्यांच्या निर्णयांत मिसळला आहे. तोकियोतून हक्काची घडण स्पष्ट दिसली. खळ्यावरून व्यवहाराचा पसारा दिसला. दोन्ही पुरावे परस्परांना तपासणारे आहेत, आणि एकट्याने कोणताही पुरेसा नाही.

दुसरा आक्षेप फ्रँक पर्लिन यांच्या १९७८ च्या निबंधावरून सुचतो. देशमुखी व पाटीलकी यांसारखे हक्क मोठमोठी घराणी अनेक गावांत विकत घेत व साठवीत, हे त्यांनी मराठी कागदांवरूनच दाखविले. तसे असेल तर गावाची शीव ही आर्थिक व्यवहाराची शीव ठरत नाही. ‘समग्र गावाचा सेवक’ या सूत्रातील ‘समग्र गाव’ हा घटकच मग अधिक चिकित्सेची अपेक्षा करतो.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर असून त्याचे मूळ एका शब्दात आहे. १९६५ व १९६८ च्या निबंधांच्या शीर्षकांत ‘अठराव्या शतकातील मराठा राज्य’ असा काटेकोर उल्लेख आहे. १९७२ च्या शीर्षकात मात्र ‘महाराष्ट्रीय खेडे’ हा शब्दप्रयोग येतो. राज्य ही राजकीय मर्यादा होती. तिचे दप्तर पुण्यात होते आणि त्यातून निवडलेले कागद फुकाझावा यांनी वाचले होते. महाराष्ट्र हा भाषिक प्रदेश तिच्याहून विस्तृत आहे. एका विशेषणाच्या बदलाने, जेथील दप्तर उघडलेच गेले नव्हते अशी शेकडो गावे निष्कर्षाच्या कक्षेत आली. केदारखेडा हे त्यांपैकी एक.

(४)

केदारखेडा हे जालना–भोकरदन मार्गावरील पूर्णेच्या खोऱ्यातील गाव. पुण्याच्या बाजूचे लोक ज्याला मोगलाई म्हणत त्या मुलखातील हा टापू. येथे अठराव्या शतकात निजामाची सत्ता, मराठ्यांचे चौथाई-सरदेशमुखीचे हक्क आणि शिंद्यांचा प्रत्यक्ष अंमल ही सर्व एकमेकांत गुंतलेली आढळतात. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईची लढाई याच परिसरात झाली. त्याच वर्षाच्या ३० डिसेंबरला झालेल्या सुर्जी-अंजनगावच्या तहाने अजिंठ्याच्या डोंगराच्या दक्षिणेकडील शिंद्यांचा मुलूख, जालन्याचा किल्ला व परगणा यांसह, त्यांच्याकडून गेला आणि हा टापू निजामाच्या अमलाखाली राहिला. म्हणजे एकाच शिवाराच्या आर्थिक जीवनाचे कागद एका तहाने दोन दिशांना विभागले गेले. पूर्वीचे काही मराठी दप्तरांत, तर नंतरचे हैदराबादेत. असईच्या मोहिमेतील वंजाऱ्यांचे तांडे, धान्याची रसद, बैल यांविषयीचा मजकूर तर सेनापती वेलस्ली यांच्या पत्रव्यवहारात असून तो लंडनमध्ये १८३४ पासून छापला गेला. या टापूच्या बाबतीत पुरावाच मुळी दूरस्थ आहे.

हे केवळ अर्वाचीन काळापुरते नाही. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. तेथील रहिवाशांनी दिलेल्या दानांचे लेख सांचीच्या स्तूपावर आहेत. आणि भोकरदनला मिळालेल्या हस्तिदंती मूर्तीचे जवळचे साम्य सापडते ते इ. स. ७९ मध्ये राखेखाली गेलेल्या इटलीतील पाँपेई नगरातील मूर्तीशी. १९७३ साली नागपूर व मराठवाडा विद्यापीठांनी केलेल्या उत्खननाने मातीतला पुरावा पुढे आला, तेव्हाच सांचीतील त्या गावनावाला आर्थिक अर्थ प्राप्त झाला. दूरचा लेख आणि जवळची माती यांचा मेळ घातल्यावाचून भोगवर्धनाच्या व्यापाराविषयी काही बोलता आले नसते.

मोगलांच्या दख्खन सुभ्यांच्या कारभाराचे शहाजहान व औरंगजेब यांच्या काळातील सुमारे दीड लाख फारसी कागद हैदराबादच्या राज्य अभिलेखागारात आहेत. यूसुफ हुसेन खाँ यांनी त्यांतील निवडक कागद १९५० व १९५८ साली प्रसिद्ध केले. मराठवाड्याच्या गावांचा प्रश्न विचारणाऱ्यास मोडीइतकीच शिकस्ता लिपीही आली पाहिजे. फुकाझावा यांच्या निष्कर्षांचा मराठवाड्यावर विस्तार करणाऱ्यांनी ही अट सहसा पाळलेली नाही. दोष मूळ ग्रंथकाराचा थोडा आणि त्याच्या वाचकांचा अधिक आहे, हे न्याय्य बुद्धीने सांगितले पाहिजे.

(५)

दप्तर हाती आल्यावरही दूरस्थ वाचकापुढे ज्या अडचणी उभ्या राहतात त्या क्षुल्लक दिसतात. परंतु आर्थिक इतिहासात त्यांवरच निष्कर्ष उभा राहतो वा कोसळतो. त्यांची काही उदाहरणे केदारखेड्याच्या परिसरातूनच देता येतील.

नाण्याचे उदाहरण प्रथम घ्यावे. निजामाच्या राज्यात हाली रुपया चाले. इंग्रजी मुलखात कलदार. विसाव्या शतकात ७ हाली रुपयांस ६ कलदार असा दर होता. भोकरदनला लागूनच वऱ्हाडातील बुलढाणा जिल्हा आहे आणि तेथील अहवाल कलदारात आहेत. एखाद्या धान्याचा भाव भोकरदनास १४ व बुलढाण्यास १२ असा कागदावर दिसला, तर दुरून वाचणारा दळणवळणाच्या अभावाची किंवा टंचाईची उपपत्ती मांडू लागेल. वस्तुतः दोन्ही भाव एकच आहेत. हाली नाणे १९५९ पर्यंत पूर्णपणे गेले नव्हते, हे ध्यानात घेतले म्हणजे या चुकीचा आवाका कळून येतो.

कालगणनेचेही तसेच आहे. मराठी कागदांतील शुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळविले असता इसवी सन येतो. फसली सनात ५९० किंवा ५९१ मिळवावे लागतात. दोन्ही आकडे चार अंकी आणि परस्परांच्या जवळचे असल्याने एकाच्या जागी दुसरा धरला तर नऊ वर्षांचा फरक पडतो. नऊ वर्षांत एखादा दुष्काळ येऊन जातो. शिवाय मृगाच्या आरंभी सुरू होणारे साल आणि हैदराबाद राज्यातील ऑक्टोबरात, आजूर महिन्यापासून सुरू होणारे फसली साल यांत भेद आहे. दुसऱ्या गणनेत कापसाची पेरणी एका सालात पडते व वेचणी पुढच्या सालात. लागवडीचे क्षेत्र व उत्पन्न यांचे आकडे शेजारी मांडणाऱ्यास हे ठाऊक नसेल, तर उत्पादकतेचा सारा हिशेब फसतो.

नावांचा घोटाळा तर पावलोपावली आहे. अजिंठ्याच्या डोंगरातून निघून गोदावरीस मिळणारी पूर्णा वेगळी आणि वऱ्हाडातून वाहत तापीस मिळणारी पूर्णा वेगळी. दोन्हींची खोरी काळ्या जमिनीची, कापूस पिकविणारी आणि एकमेकींपासून फारशी दूर नाहीत. ‘पूर्णेच्या खोऱ्यातील कापूस’ एवढाच उल्लेख वाचून आकडे एकत्र करणारा अभ्यासक दोन राज्यांचे हिशेब एका ताळेबंदात घालील. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वीच्या अहवालांत केदारखेडा शोधावयाचे ते औरंगाबाद जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यात. यंत्रात जिल्ह्याचे नाव घालून शोध घेणाऱ्यास पूर्वीचे काहीच मिळणार नाही, आणि काही मिळाले नाही म्हणजे काही नव्हते, अशी समजूत होण्याचा धोका राहील.

(६)

आता दिशा उलट करून पाहणे योग्य होईल. आजवर दूरस्थ अभ्यासक म्हणजे तोकियोत, लंडनमध्ये किंवा फार तर पुण्यात बसलेला विद्वान असे समीकरण होते, आणि केदारखेडा हे पाहिले जाणारे गाव होते. राष्ट्रीय अभिलेखागाराचे कागद ‘अभिलेख पटल’वर येऊ लागले, जुने अहवाल व दर्शनिका पडद्यावर वाचता येऊ लागल्या, त्यामुळे केदारखेड्यात राहणाराही आर्थिक इतिहासाचा अभ्यासक होऊ शकतो. त्याच्या दृष्टीने दूर आहेत ती दप्तरे. जमीन, पाणी व माणसे मात्र जवळ आहेत.

या स्थित्यंतराचे मोल मोठे आहे. शिवारातील शेताचे जुने नाव कोणत्या इनामाची खूण आहे, काळी कोठे संपते आणि बरड कोठे लागते, कोणत्या विहिरीवर किती मोटा चालत, बाजार राजूरला भरे की भोकरदनला भरे, बलुते बंद झाले ते कोणत्या पिढीत व कशाच्या मोबदल्यात, यांची उत्तरे छापील उताऱ्यांत नाहीत. १९४९ साली हैदराबाद राज्यातील जहागिरी नष्ट झाल्या. त्या व्यवहाराच्या स्मृती वृद्धांच्या मुखी आहेत आणि त्या दिवसेंदिवस विरळ होत आहेत. तोकियोतील विद्वानाला हा पुरावा मिळणे अशक्य होते. केदारखेड्यातील अभ्यासकाने तो टिपला नाही, तर तो पुढे कोणासही मिळणार नाही.

तथापि केवळ सान्निध्यावर विसंबणे हाही भ्रमच होय. पडद्यावर कागदाचे चित्र दिसते, परंतु ज्या रुमालात तो बांधला होता त्यातील शेजारचे कागद दिसतातच असे नाही. कोणता कागद आधी पडद्यावर आणावयाचा हे कोणी तरी ठरविलेले असते. वाड व सरदेसाई यांच्या निवडीविषयी जो प्रश्न विचारावयाचा, तोच या नव्या निवडीविषयीही विचारला पाहिजे. शिवाय मोडी व शिकस्ता यांतील मजकूर शब्द घालून शोधता येण्यापूर्वी कोणाला तरी तो वाचावाच लागतो. गावाच्या अभिमानाने लिहिलेल्या इतिहासात आपल्याच पाटीलकीचा किंवा आपल्याच देवस्थानाचा गौरव होतो आणि गावकुसाबाहेरच्या घरांचा हिशेब राहून जातो, हा अनुभवही नवा नाही.

(७)

या विवेचनावरून दूरस्थ आर्थिक इतिहासलेखनास तीन कसोट्या लावता येतील. पहिली, निवडीचा हिशेब : हाती आलेला कागद कोणी निवडला आणि कोणता वगळला, याचा उल्लेख निष्कर्षाबरोबरच असावा. दुसरी, परिमाणांचे रूपांतर : नाणे, माप व सन यांचे स्थानिक अर्थ निश्चित केल्यावाचून दोन आकडे एका रकान्यात मांडू नयेत. तिसरी, शिवाराची साक्ष : ज्या गावांविषयी विधान करावयाचे त्यांपैकी काहींत तरी ते विधान जमिनीवर तपासून पाहावे, अभ्यासकास स्वतः जाता येत नसेल तर तेथे राहणाऱ्या अभ्यासकाच्या साहाय्याने, आणि त्याचे श्रेय त्याला देऊन.

फुकाझावा यांचे लेखन पहिल्या दोन कसोट्यांच्या बाबतीत बव्हंशी आदर्शवत आहे. शब्द व साधने यांविषयी त्यांनी दाखविलेली दक्षता पुण्या-मुंबईच्या अनेक अभ्यासकांनाही साधलेली नाही. तिसऱ्या कसोटीस ते उतरत नाही. कारण ‘मराठा राज्य’ या शब्दाच्या जागी ‘महाराष्ट्रीय खेडे’ हा शब्द येताना मोगलाईतील गावांची साक्ष घेतली गेली नाही. ती घेण्याचे काम शिल्लक आहे. बलुतेदार हा समग्र गावाचा वतनदार होता काय, हा प्रश्न भोकरदन परगण्याच्या कागदांना विचारला पाहिजे, आणि त्या कागदांतून येणारे उत्तर केदारखेड्याच्या शिवारात पडताळून घेतले पाहिजे. उत्तर फुकाझावा यांच्या बाजूने आले तर त्यांचा निष्कर्ष खऱ्या अर्थाने महाराष्ट्राचा ठरेल. विरुद्ध आले तर निजामाच्या अमलाखालील गावाची घडण स्वतंत्रपणे मांडावी लागेल. दोन्ही परिणाम मराठवाड्याच्या आर्थिक इतिहासाच्या दृष्टीने सारखेच मोलाचे आहेत, आणि त्यासाठी लागणारी साधने पूर्वी कधी नव्हती इतकी आज या प्रदेशातील अभ्यासकांच्या आवाक्यात आली आहेत.